धायरीची आली

सुमित्राबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. फोनवर जावई होते, स्वप्निलराव. "माई गेली," एवढंच म्हणाले. अशा वेळी जे म्हणायचं असतं ते मी म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली भेंडी चिरून टाकली. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगते, कारण बाकी सगळे खोटं सांगायला बसलेलेच आहेत... मला राग आला. म्हटलं, झालं? गेलात? आमचं भांडण असं अर्धवट टाकून खुशाल निघून गेलात?

सुमित्राबाई माझ्या विहीणबाई, म्हणजे माझी मुलगी मुग्धा हिच्या सासूबाई. मूळच्या यवतमाळकडच्या, दारव्ह्याच्या. घरात त्यांना सगळे माई म्हणायचे, मी सोडून. त्या गेल्यापासून नातेवाइकांच्या ग्रुपवर नुसता पूर आलाय. कोणी त्यांना मायेचा सागर म्हणतंय, कोणी वात्सल्यमूर्ती म्हणतंय, आणि ज्यांनी त्यांना आयुष्यात एकदा, तेही लग्नाच्या पंगतीत पाहिलं, ते 'पोरके झालो' म्हणून हात जोडतायत. मुग्धा म्हणाली, "आई, तुला लिहायची हौस आहे, तू पेपरच्या पुरवणीत त्यांच्यावर लिही ना. पण प्लीज, जरा चांगलं लिही." मी म्हटलं, लिहीन, पण मी जन्मभर शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. जे झालं तेच लिहायची सवय आहे. तिने कपाळाला हात लावला.

तर जे झालं ते असं. सुमित्राबाई आकाराने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. हसायला लागल्या की खालच्या मजल्यावर कळायचं की माई आल्यात. वाघोलीच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्यापासून चार दिवसांत त्यांनी माझ्या मुलीचं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. डाळींचे डबे खाली, कढया वर, आणि ओट्यावर कायमचा एक ठेच्याचा खलबत्ता. मी एकदा म्हटलं, "अहो, मुग्धाला डबे वर लागतात, तिला सवय आहे." तर म्हणतात कशा, "सवयीचं काय जी, लावली का लागते." दुपारी टीव्ही मोठ्याने लावून त्या त्याच्यासमोर घोरायच्या, आणि कोणी बंद केला की घोरणं थांबवून म्हणायच्या, "पाहून रायली ना मी." आम्ही सदाशिव पेठेतून धायरीला राहायला गेलो तेव्हासुद्धा मला एवढं परक्या गावात आल्यासारखं वाटलं नव्हतं, जेवढं माझ्याच मुलीच्या घरात वाटायला लागलं.

पण डबे आणि टीव्ही हे मी गिळलं असतं. खरं प्रकरण झालं ते नातीच्या केसांवरून. ओवी तेव्हा अडीच वर्षांची होती. केस असे दाट आणि कुरळे की विंचरताना फणीचे दात तुटावेत. हे केस आमच्याकडचे नाहीत, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. त्यात वाघोलीचं टँकरचं पाणी. साबण घासून घासून हात दुखतात पण फेस येत नाही. आणि त्या कार्टीला डोक्यावर पाणी घेतलेलं अजिबात चालायचं नाही. अंगावर बादलीभर ओता, खिदळेल. पण पाण्याचा मग डोक्याच्या दिशेने वर गेला की अशी किंकाळी फोडायची की एकदा खालच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर 'सगळं ठीक आहे ना' म्हणून विचारलं होतं. मुग्धा आणि स्वप्निलराव दोघेही कंपनीतली माणसं, त्यांनी सगळे उपाय मागवून पाहिले. डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू आला. कपाळाला लावायची छत्रीसारखी टोपी आली, ती ओवीने कमोडमध्ये टाकली. पोहायचा चष्मा आला. तो लावून पोरगी दिवसभर घरात हिंडायची, जेवायची, झोपायचीसुद्धा, फक्त न्हाणीघराशी नेलं की काढून फेकायची. बाहुलीचे केस आधी धुऊन दाखवले, तर बाहुलीसाठीही रडली.

मग एकदा मी गेले होते, म्हटलं बाजूला व्हा. आमच्या वेळी याला काही शास्त्र लागत नव्हतं. मान मागे, डोळे मीट, पाणी, शिकेकाई, पाणी, संपलं. मुग्धाचे केस मी असेच धुतले, आणि तिचे कमरेपर्यंत होते. ओवीला दोन गुडघ्यांत धरलं आणि धुतले. धुतले म्हणजे निम्मे धुतले, कारण मग तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मुग्धा दारात उभी. "आई, असं नाही करत आता. मुलांना त्याचा ट्रॉमा होतो." मी विचारलं, "तुला झाला का?" ती काही बोलली नाही. याचा अर्थ नाही झाला, असा मी घेतला.

पुढच्याच महिन्यात मुग्धाच्या ऑफिसने घरून काम बंद केलं, ओवीला सांभाळायला कोणी हवं झालं, आणि दारव्ह्याहून सुमित्राबाई आल्या. मी येऊ शकले असते. मला कोणी विचारलं नाही. "तुझे गुडघे, आई, आणि रोज धायरीहून वाघोलीला येणार कशी," म्हणाली मुग्धा. माझ्या गुडघ्यांची एरवी कोणी चौकशी करत नाही. असो. सुमित्राबाई आल्यानंतर महिन्याभरात मला फोन, "आई, चमत्कार झाला! ओवीचे केस धुतले, आणि एक शब्द नाही!" मी म्हटलं, बरं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. न्हाणीघराचं दार लावून आजी-नात आत जायच्या, पाण्याचा आवाज यायचा आणि पोरगी टॉवेलमध्ये गुंडाळलेली, लाल गालांची, हसत बाहेर. स्वप्निलराव म्हणाले, माईच्या हाताला गुण आहे. मी सुमित्राबाईंना सरळ विचारलं, की काय करता हो तुम्ही? तर डोळे बारीक करून म्हणाल्या, "ते आमचं दोघींचं गुपित हाय."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती. मी गेले की ओवी सुमित्राबाईंच्या पदरामागे जायची. मी बाकरवडी न्यायचे, राजगिऱ्याची चिक्की न्यायचे. हात लांब करून घ्यायची आणि धूम पळायची. पडद्याआडून माझ्याकडे बघत राहायची. मांडीवर ये म्हटलं की मान हलवायची. मुग्धा म्हणायची, "वय आहे, आई. या वयात मुलं लाजतात." लाजतात तर मग दूधवाल्याच्या गळ्यात कशी पडायची? पण मी बोलले नाही. एकुलती एक नात, आणि ती आपल्याला बघून पळते, हे बोलून कोणाला दाखवायचं? घरी येऊन मी चिक्कीचा उरलेला तुकडा खायचे आणि स्वतःला सांगायचे, वय आहे.

मग तो रविवार आला. मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. मुग्धा आणि स्वप्निलराव भाजी आणायला गेले होते, आणि घराची एक किल्ली माझ्याकडे असते. आत गेले तर न्हाणीघराचं दार बंद, पाण्याचा बारीक आवाज आणि कुजबुज. मी चपला काढत होते. चोरून ऐकायची मला सवय नाही, पण माझंच नाव ऐकू आल्यावर कान थोडेच बंद करणार? नाव म्हणजे नावसुद्धा नाही...

"हळू वं माय, हळू. आवाज केला तं धायरीची येईन."

"आली का?" ओवीची कुजबुज.

"जिना चढून रायली. डोळे मीट. ओठ मीट. पानी टाकते मी. शूऽऽ... आता लिफ्टपाशी आली."

"मला नेईल?"

"रडली तं नेईन. गुपचूप बसली तं तिले समजनच नाही आपन कुठं हाव ते."

आणि पोरगी गप्प. मगभर पाणी डोक्यावरून गेलं, दुसरा मग गेला, आणि पोरगी गप्प. तो चमत्कार हा होता. मी होते तो चमत्कार. वाघोलीत बागुलबुवा म्हणून धायरीची आजी नेमली होती, आणि तिला बिचारीला पत्ताच नव्हता. ती दर भेटीला बाकरवडी घेऊन येत होती.

सुमित्राबाई बाहेर आल्या, लुगड्याचा सोगा ओला, कडेवर ओवी. मला बघून ओवीने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. त्या मात्र जराही दचकल्या नाहीत. "या, कधी आल्या जी?" मी म्हटलं, "लिफ्टपाशी होते तेव्हापासून आहे." तेव्हा कुठे त्यांचा चेहरा जरा उतरला. ओवीला खेळायला धाडलं आणि आम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहिलो, मधे तो खलबत्ता.

"विहीणबाई, मी काय राक्षसीण आहे का हो?"

"बाप्पा! मनावर काऊन घेता? लेकराले कोनाचं तरी भेव दाखवा लागते. वाघाचं दाखवून पाह्यलं, तं हासते. पोलिसाचं दाखवलं, तं म्हनते मले टोपी पाह्यजे. तुमच्या नावानं तेवढी बसते."

"मग स्वतःच्या नावाने दाखवायचं होतं भय."

त्यावर त्या हसल्या. तेच खालच्या मजल्यावर ऐकू जाणारं हसू. "मले कोन भेते जी?" म्हणाल्या.

हे त्यांनी दुष्टपणाने म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. पण त्या अगदी सहज म्हणाल्या, जशी काही ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. त्यांना कोणी भीत नव्हतं, मला भीत होते. शाळेत शिपाई भीत होते, मास्तर भीत होते, मुग्धाही भीत असेल. पण नातीने भ्यावं? मी त्या दिवशी वाघोलीला जेवले नाही. मुग्धा आली, तिला सगळं सांगितलं, तर तिची पहिली प्रतिक्रिया काय? ओठ दाबून हसू आवरत होती. मग म्हणाली, "आई, पण केस धुतले जातायत ना. सोड ना आता." माझ्या पोटच्या मुलीने माझा सौदा केसांशी केला. मी पिशवी उचलली आणि निघाले. बसमध्ये मी रडले, आणि शेजारच्या बाईने खिडकी हवी का विचारलं तर तिच्यावरही खेकसले.

त्यानंतर आम्ही दोघी बोलणं टाकलं. म्हणजे मी टाकलं. त्या बोलत राहायच्या, मी मुग्धाकडे बघून उत्तर द्यायचे, "त्यांना सांग, मला चहा नको." ओवीच्या वाढदिवसाला मी एका टोकाला, त्या दुसऱ्या टोकाला, आणि फोटोवाला सारखा म्हणतोय आज्या जवळ या, जवळ या. त्यांनी एकदा मुग्धाबरोबर तुरीची डाळ पाठवली, घरच्या शेतातली म्हणून. मी ती कामवाल्या बाईंना देऊन टाकली. चांगली होती म्हणे. आमची शेवटची भेट झाली ती वाघोलीच्या लिफ्टशी. त्या काही दिवसांसाठी गावी निघाल्या होत्या, स्वप्निलराव खाली गाडी काढत होते, मी वर येत होते. दार उघडलं तर समोर त्या, हातात पिशव्या. मी बाहेर पडले, त्या आत शिरल्या, आणि लिफ्टचं दार पायाने अडवून म्हणाल्या, "या ना एकडाव दारव्ह्याले. भांडाले या, पन या." मी म्हटलं, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही, हे त्यांना इतक्या दिवसांत कळलं असेल. पाय काढला, दार मिटलं, आणि आठवड्याभरात गावच्या घरी सकाळी चहा ठेवता ठेवता त्या गेल्या. लोकांना वाटतं, मला आता त्या 'बघू'ची टोचणी लागली असणार. अजिबात नाही. भांडायला मी एक दिवस गेलेच असते, तयारीनिशी. त्यांनाच धीर नव्हता.

दिवस झाले, सगळे वाघोलीला परत आले, आणि मुग्धाचा फोन आला. आवाज रडवेला. "आई, ये. ओवी कोणाला डोक्याला हात लावू देत नाही." जाऊन बघते तो काय, सुमित्राबाई गेल्यापासून त्या डोक्याला पाणी नाही. तेल, घाम, त्यात कुठल्याशा गोळीचा चिकटा. मागे तर चक्क जट झाली होती. स्वप्निलराव म्हणाले, काढूनच टाकूया सगळे, आणि म्हणता म्हणता स्वतःच डोळे पुसायला लागले, कारण माईला ते केस फार आवडायचे. मी ओवीसमोर खाली बसले. गुडघे दुखतात तरी बसले. आवाज जेवढा मऊ करता येतो तेवढा केला. "ओवी, मी नाही हं धरणार तुला. आपण हळूहळू धुऊ." तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि "धायरीची आलीऽऽ!" म्हणून ओरडत ती पडद्याआड पळाली.

मी स्वयंपाकघरात गेले. ठेच्याचा खलबत्ता तसाच ओट्यावर. मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, "काय करून ठेवलंत हो हे? स्वतः सुटलात, आणि मला हे असं ठेवून गेलात." मला तिथे रडू आलं, ते दुःखाने नव्हे, संतापाने. मेलेल्या माणसाला काही परत घ्यायला लावता येत नाही. नातीला कोण सांगणार, की बाई गं, ती गंमत होती? मुग्धा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आपण तिला सांगूया का, माई वरून बघतेय, केस नाही धुतले तर रागवेल?" क्षणभर मला ते फार आवडलं. फिट्टंफाट झाली असती. त्यांनी मला बागुलबुवा केलं, आता माझ्या जागी त्या. पण ओवी रोज गॅलरीत जाऊन वर बघून माईला टाटा करते, हे मला मुग्धानेच सांगितलं होतं. मी म्हटलं, "काही नको. तेवढी हलकी नाही मी." हे मी सुमित्राबाईंसाठी केलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

एवढ्यात ओवी पडद्यातून बाहेर आली, माझ्यावर नजर ठेवून भिंतीला घासत घासत मुग्धापर्यंत गेली आणि तिचा हात ओढत कुजबुजली, "चल ना. दार लाव. ती येईल." मुग्धाने माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली. दोघी आत गेल्या, कडी लागली, नळ सुटला. मी पॅसेजमध्ये उभी. आता पाणी पडेल, मग पडेल... नळ बंद झाला. आतून ओवीचा आवाज, "आली का?" मुग्धा म्हणाली, "नाही बाळा, कोणी येत नाहीये. तू बस शांत." त्यावर ओवी ठामपणे म्हणाली, "मग नको." मगची आदळआपट झाली. रडणं सुरू झालं, ते जुनं, खालच्या मजल्यापर्यंत जाणारं. आणि त्या रडण्याच्या वरून मुग्धाचा आवाज आला, "आई! अगं दार वाजव ना!"

मला काय वाटलं असेल? या नातीने एकदा तरी आपण होऊन गळ्यात पडावं म्हणून मी शहराच्या या टोकाहून त्या टोकाला खेटे घालत होते. सुमित्राबाई गेल्या, आता जागा रिकामी झाली, असं मनात येऊन गेलं होतं. हो, आलं होतं, माणूसच आहे मी. आणि आता ती जागा सोडून, दाराबाहेर उभं राहून मला तेच व्हायचं होतं जे त्या बाईने मला करून ठेवलं होतं. माझ्या तोंडाने. माझ्या हाताने. आत पोरगी रडून लाल झाली असणार, आणि जट तशीच.

मी दार वाजवलं. चांगलं दणकून वाजवलं. आणि शाळेच्या ऑफिसातला आवाज काढला, "कोण आहे आत?"

रडणं तोडून टाकल्यासारखं थांबलं. मग पाणी. डोक्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा असतो, तो मी ओळखते. एक मग, मग दुसरा. त्यानंतर शाम्पूची बाटली उघडल्याचा आवाज. ओवीला टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेर आणलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता गेली. जट सोडवायला मुग्धाला अख्खी दुपार लागली, पण कात्री लावावी लागली नाही.

आता दर रविवारी हेच चालतं. मी धायरीहून दोन बस बदलून वाघोलीला जाते, कशासाठी, तर दार वाजवायला. बसमध्ये कोणी विचारलं कुठे निघालात, तर नातीचे केस धुवायला, असं सांगते. धुवत तर नाही. सुमित्राबाईंना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. त्यांनी त्यांचं काम माझ्या नावावर टाकून दिलं आणि मला विचारलंही नाही. मागच्या रविवारी पाय फार दुखत होते. उन्हातून आले होते, बसायला मिळालं नव्हतं. दार वाजवलं, म्हटलं, "कोण आहे आत?" तर पहिल्यांदाच आतून उत्तर आलं. ओवीचं. "इथे कोणी नाहीये!"

"कोणी नाही?" मी म्हटलं. "बरं. मग मी जाते घरी."

आतलं पाणी थांबलं. मी खरंच चपलांपर्यंत गेले होते. मग कडी वाजली, दार बोटभर उघडलं, फटीतून फेसाने माखलेलं डोकं आणि एक डोळा दिसला.

"जाऊ नको," ओवी म्हणाली. "तिथंच उभी राहा."

आणि दार लावून घेतलं. राहिले उभी. दुसरं काय करणार?